गरम पाण्याचा अंदाज

पार्टे नावाचा माणूस आमच्या न्हाणीघरात उकिडवा बसून बादलीत थर्मामीटर बुडवत होता आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेली आई त्याला विचारत होती, पाण्याला ताप किती आहे म्हणून.

"सोळा," पार्टे म्हणाला. "टाकीतलंच आहे ना हे, काकू? श्रावणात सोळा म्हणजे जानेवारीत बारा-तेरावर येणार."

"जानेवारीत या एकदा. हात घातला की बोटं आपली राहत नाहीत," आई म्हणाली.

मी दोघांच्या मागं आईच्या औषधाची वाटी घेऊन उभी होते आणि मनातल्या मनात त्या पार्ट्याला शिव्या घालत होते. बाबांनी त्याला वाईहून परस्पर बोलावून घेतलं होतं. मला कळलं ते तो फाटकात स्कूटर लावून रेनकोट झटकायला लागला तेव्हा. म्हणाला, हीटपंपाचा अंदाज काढायला आलोय. मी म्हटलं, कसला पंप? आमच्याकडं विहीर नाही. तो हसला. माणूस हसरा होता, तेच मला जास्त टोचत होतं. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी हसलेलं मला खपत नव्हतं.

ही गोष्ट पाचगणीची. दहा-अकरा वर्षं झाली असतील. बाबा तिथल्या एका बोर्डिंग शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे. लग्नाआधीच त्यांनी उतारावरच्या तुकड्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवी एवढं घर बांधलं. पडवीत तांब्याचा बंब. लग्न होऊन आल्यापासून आई तो रोज उजाडायच्या आधी पेटवत आली होती. सिल्व्हर ओकच्या फांद्या, वर्कशॉपातले उरलेले तुकडे, वाळलेला पाला, पावसाळ्यात धूर खात, डोळे पुसत. बाबांना बंब पेटवता यायचा नाही. यायचा नाही म्हणजे काय, त्यांच्या हातून लाकूड जाळवतच नसे. ढिगातला एक तुकडा उचलायचे, उलटासुलटा करून बघायचे आणि म्हणायचे, हा चांगला आहे गं, याचा पाय होईल स्टुलाला. तो बाजूला ठेवायचे, मग दुसरा उचलायचे. आई म्हणायची, यांच्या हातात बंब दिला तर घरात स्टुलं शंभर होतील आणि अंघोळ एकाचीही व्हायची नाही.

त्या वर्षी जूनमध्ये आईचं पोट दुखायला लागलं. मी तिला पुण्याला नेलं, तपासण्या केल्या. डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि मला नि बाबांना आत घेतलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, पसरलेला. ऑपरेशन करून काही हाती लागणार नाही, घरी न्या, खाईल ते घाला, दिवाळी बघतील असं वाटत नाही, असं ते म्हणाले. बाहेर यायच्या आधी मी बाबांना दारातच थांबवलं आणि माझी शपथ घातली. आईला यातलं अक्षर कळता कामा नये. आतड्याला सूज आहे, सहा महिने पथ्य करायचं, एवढंच सांगायचं. आई खचेल, असं मीच ठरवून टाकलं होतं. बाबा म्हणाले, "बरं." बाबा जन्मभर बरंच म्हणत आले होते. शाळेत प्रिन्सिपॉलला, घरी आईला, आणि मी दहावी झाल्यापासून मला.

मग मी ऑफिसातून बिनपगारी रजा काढली, मुलाला नवऱ्यावर सोपवलं आणि पाचगणीत येऊन ठाण मांडलं. माझं तोंड तसं आधीपासून तिखट, त्यात हे. येणाऱ्याजाणाऱ्याला फाटकातच गाठून तंबी द्यायची, आतड्याला सूज आहे, दुसरं काही विचारायचं नाही. शेजारच्या फाटक वहिनी डोळे पुसत आल्या तर त्यांना तिथूनच परत पाठवलं. ताकास तूर लागू दिली नाही. आई पिवळी पडत चालली होती, पण मी तिला सांगत होते की हे औषधानं होतं. ती म्हणायची, असेल बाई.

आणखी एक गोष्ट मी मनाशी पक्की केली होती, कुणाला न सांगता. आई गेली की बाबांना पुण्याला न्यायचं. माझा फ्लॅट होता, लिफ्ट होती, खाली बाग होती. हे घर कुलूप लावून ठेवायचं, पुढं बघू. आता अशा घरात लाखाच्या वर पैसे घालून पाणी तापवायचं मशीन बसवायला माणूस आलेला, आणि नको कशाला ते आईसमोर बोलायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बाबा हे का करतायत ते मला कळलंय असं मला वाटत होतं. ज्या माणसाला दिवाळी दिसायची नाही, त्याच्या घरात दहा-पंधरा वर्षं चालणारी वस्तू आणायची, म्हणजे त्या माणसाला वाटावं की आपल्याला वेळ आहे. किंवा स्वतःलाच तसं वाटावं. मला बाबांची कीव येत होती आणि रागही येत होता. म्हटलं, समजूतच घालायची तर एखादी साडी आणा.

पार्टे पडवीत आला आणि आईला मशीन कसं चालतं ते सांगायला लागला. म्हणाला, काकू, हा उलटा फ्रीज समजा. फ्रीज आतली ऊब काढून बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करून पाण्यात घालतो. विजेनं पाणी तापवायचं नाही, ऊब नुसती इकडून तिकडं वाहून न्यायची, म्हणून वीज तिसरा हिस्सा लागते. आईनं बाहेर बघितलं. फाटक दिसत नव्हतं एवढं धुकं होतं.

"या हवेत ऊब आहे?" तिनं विचारलं.

"आहे की. आपल्याला लागत नाही, मशीनला लागते. ओली हवा असली तर उलट बरं."

आईला ते फार आवडलं. तिनं बाबांना दोनदा सांगितलं, अहो, धुक्यातून ऊब काढतात म्हणे. बाबा तिच्याकडं बघून हसले आणि मला वाटलं, बघा, हे यासाठी चाललंय.

मी पाचर मारायला सुरुवात केली. म्हटलं, आवाज होत असेल त्याचा, आईला झोप लागत नाही. पार्टे म्हणाला, पंख्याएवढा होतो, आणि आपण ते मागच्या भिंतीला लावू. म्हटलं, आमच्याकडं माकडं आहेत, पाइप उपटतील. तो म्हणाला, भोवती जाळीचा पिंजरा करून देतो, भिलारला एकांकडं केलाय. व्होल्टेज कमी असतं म्हटलं, त्यावरही त्याच्याकडं उत्तर होतं. सोलर का नको म्हटलं, तर बाबांनीच सांगितलं, पावसाळ्याचे चार महिने सूर्य कुठं आहे इथं. मी एकटीच भांडत होते. आई आणि बाबा दोघंही मन लावून पार्ट्याचं ऐकत होते, शाळेत पहिल्या बाकावर बसल्यासारखे.

मग आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. मी चहा केला, तोही आदळआपट करत. पार्ट्यानं पॅड मांडीवर घेतलं आणि विचारलं, रोज अंघोळ करणारी माणसं किती? त्याच्या धंद्यात म्हणे सगळं यावर असतं. माणशी लिटर धरायचे, पाणी किती गार आहे ते बघायचं, त्यावरून टाकी, टाकीवरून मशीन, मशीनवरून महिन्याचं बिल.

"दोन," बाबा म्हणाले.

पार्ट्यानं त्यांच्याकडं बघितलं. "काका, फोनवर तुम्ही..."

"दोन धरा," बाबा म्हणाले.

"दोन. आणि पाहुण्याचं एक." त्यानं लिहिलं. मला सांगायला लागला, ताई, पाहुण्याचं एक धरावंच लागतं आपल्याकडं. नाही धरलं तर ज्या दिवशी पाहुणा येतो त्या दिवशी पाणी संपतं, आणि मग मशीन वाईट नि पार्टे चोर. मी म्हटलं, आमच्याकडं पाहुणे येत नाहीत. आई म्हणाली, येतात हो, तू फाटकातून घालवतेस.

त्याचा हिशेब झाला. दोनशे लिटरची टाकी, मशीन, पाइप, मागं चौथरा, जाळीचा पिंजरा, सगळं मिळून एक लाख तीस हजार. रोजचे तीन युनिट धरले तर महिन्याला सव्वासहाशेच्या आसपास बिल. तेवढंच पाणी साध्या गीझरवर तापवलं तर अठराशे. म्हणजे महिन्याला पावणेबाराशे वाचले.

"वसूल व्हायला किती वर्षं लागतील?" बाबांनी विचारलं.

"खोटं नाही सांगणार. आमच्या धंद्यातले लोक तीन वर्षं, चार वर्षं सांगतात. पण तुमचा वापर बघता नऊ वर्षं लागतील."

"नऊ वर्षं," मी म्हटलं. "नऊ वर्षं कोण बसलंय इथं..."

आणि जीभ चावली. मी घाईघाईनं सावरायला गेले, म्हणजे तोवर नवीन मशीनं येतील, स्वस्त होतील, असलं काहीतरी बडबडले. आई माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. मी लहानपणी पडले आणि लागलं नाही असं सांगायला लागले की ती बघायची तसं.

मग ती पार्ट्याकडं वळली.

"पार्टे, एक धरा."

"काय, काकू?"

"माणूस. एकच धरा. हे एकटेच असणार."

पार्ट्याचं पेन हवेत राहिलं. मी म्हटलं, "आई, काहीतरी अभद्र काय बोलतेस."

"तू गप्प बस जरा, हेमा. मी यांच्याशी बोलतेय." तिला बोलताना मधे थांबावं लागत होतं, पण आवाज स्वच्छ होता. "सांगा पार्टे. एका माणसाला किती लागेल?"

त्यानं आधी बाबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग मान खाली घालून पुन्हा आकडे मांडले. म्हणाला, शंभर लिटरचं पुरेल. नव्वद हजारांपर्यंत बसेल, बिल तीनशेच्या आसपास. पण काकू, एका माणसावर हे मशीन वसूल होत नाही. पंधरा वर्षं जातील, आणि मशीनचं आयुष्यच तेवढं. माझा धंदा आहे तरी सांगतो, तुम्ही सात हजारांचा गीझर लावा आणि मोकळे व्हा.

"गीझरचं बटण कोण दाबणार?" आई म्हणाली. "हे विसरणार. दाबलं तर बंद करायला विसरणार. इथं पावसाळ्यात लाइट गेली की दुसऱ्या दिवशी येते. बंब यांना पेटवता येत नाही. आणि कुणाकडं पाणी मागायला यांना तोंड नाही."

मग तिनं त्याला ते सगळं सांगितलं. माझ्या बाळंतपणाला ती पुण्याला आली होती, दीड महिना राहिली. बाबा इथं एकटे. रोज फोनवर विचारलं की म्हणायचे, सगळं ठीक आहे. फाटक वहिनींच्या लक्षात आलं की पडवीतून धूर निघत नाही. दीड महिना हा माणूस डिसेंबरच्या थंडीत गार पाण्यानं अंघोळ करत होता. ना गॅसवर पातेलं ठेवलं, ना शेजारी सांगितलं. न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. आई तेव्हा लवकर परत गेली होती एवढं आठवत होतं, आणि तेव्हा मला तिचा राग आला होता.

"तेव्हा छाती पन्नाशीतली होती," आई म्हणाली. "आता सत्तर पार झालेत. मी नसले की हे तेच करणार. मला ठाऊक आहे ना. तुमच्या मशीनचं पाणी लाइट गेली तर गरम राहतं का?"

"राहतं. टाकीला जाड अस्तर असतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगलं गरम राहतं."

"काही दाबायचं नाही?"

"काही नाही. नळ सोडायचा."

"मग वसूल नाही झालं तरी चालेल," आई म्हणाली.

पार्टे उठला. म्हणाला, मी जरा मागं चौथऱ्याची जागा बघून येतो. पावसात गेला बिचारा, रेनकोट खुर्चीवरच ठेवून.

मी बाबांकडं वळले. म्हटलं, "तुम्ही सांगितलंत हिला. मी माझी शपथ घातली होती."

"सांगितलं नाही," बाबा म्हणाले. "आपण पुण्याहून परत येत होतो. तू गाडी चालवत होतीस, आम्ही मागं. पसरणीच्या घाटात तू हिला पथ्य सांगत होतीस, भाकरी बंद, ताक घ्यायचं, सहा महिन्यांत बरी होशील. हिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. एवढंच."

"आणि दोन महिने मला बोलला नाहीत?"

उत्तर आईनं दिलं. "तू किती धडपडत होतीस गं. लोकांना फाटकात अडवत होतीस, मला सूप पाजत होतीस, आतड्याची चित्रं दाखवत होतीस. म्हटलं, हिचा तेवढाच आधार आहे. आम्हाला कळलंय म्हटलं असतं तर तू दिवसभर काय केलं असतंस?"

"फोनवर त्यांना मी एकच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "तुझ्यासमोर दोन म्हणालो."

मी रडले. अगदी लहान मुलासारखी, नाक पुसत, आवाज करत. दोन महिने मला वाटत होतं की मी त्या दोघांना सांभाळतेय. रात्री त्यांच्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा, आणि मी उशीत तोंड घालून म्हणायचे, बिचारी, हिला काही माहीत नाही. आणि ती दोघं आत बसून मी कोलमडणार नाही ना याची काळजी करत होती. आईनं मला जवळ बोलावलं नाही, तिला हात उचलवतच नव्हता फार. मीच जाऊन तिच्या पायाशी बसले.

मग जे मनात ठेवलं होतं ते बोलले. म्हटलं, आई, मशीन कशाला हवंय? बाबांना मी पुण्याला नेणार आहे. त्यांना इथं एकटं ठेवीन असं वाटलं तुला?

"त्यासाठीच हवंय," ती म्हणाली. "मी गेले की तू यांना गाडीत घालणार. हे बरं म्हणणार. यांना विचारलंस का कधी?"

मी बाबांकडं बघितलं. ते खिडकीशी उभे होते, पाठमोरे. मला खात्री होती ते काय म्हणतील याची. तिचं मन राखायला आता काहीतरी म्हणतील आणि नंतर माझ्याबरोबर येतील.

"नाही," बाबा म्हणाले.

बाबांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. ते वळले. "मला इथं अंधारातसुद्धा कळतं कुठं काय आहे. तुझ्याकडं मी पाहुणा असणार, हेमा. आयुष्यभर पाहुणा. मला इथंच राहू दे."

"आजारी पडलात तर?"

"पडलो तर फोन करीन."

"मागच्या वेळी केला नव्हतात."

"तेव्हा ही परत येणार होती," बाबा म्हणाले.

आई माझ्याकडं बघत राहिली होती. ती खनपटीला बसणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी तिनं नजर काढली नाही. म्हणाली, "आत्ता बोल, हेमा. माझ्यासमोर. नंतर मला ऐकू यायचं नाही."

मला हो म्हणायचं नव्हतं. माझं मन तेव्हाही म्हणत होतं की हा वेडेपणा आहे, एकदा न्यूमोनिया झालेला माणूस, चार महिने धुकं, जवळ आपलं कुणी नाही. तेवढ्यात पार्टे मागच्या दारानं आला, डोक्यावरून पाणी गळत होतं. तो दारातच थांबला. आपण पुन्हा अवघड वेळेला आलो हे त्याला कळलं असावं. मी पदरानं डोळे पुसले आणि त्याला विचारलं, शंभर लिटरचं मशीन किती दिवसांत बसेल.

"गणपतीच्या आत देतो," तो म्हणाला. मग जरा अडखळला. "ताई, पाहुण्याचं धरायचं का मग?"

"धरा," मी म्हटलं. "मी येत जाईन."

आई नवरात्राच्या आधी गेली. बाबा त्या घरात एकटे आठ वर्षं राहिले आणि मी त्यांना एकदाही पुण्याला चला म्हटलं नाही. म्हणायची इच्छा खूपदा झाली. पण मला सांगायचंय ते आई होती तेव्हाचं, मशीन सुरू झालं त्या दिवशीचं.

गणपती दोन दिवसांवर होते. पार्टे आदल्या दिवशीच सगळं जोडून गेला होता आणि पाणी तापून तयार होतं. आई तोवर अंथरुणाला खिळली होती. मी तिला अंथरुणातच पुसून घेत असे. पण त्या सकाळी तिनं हट्ट धरला की मला न्हाणीघराच्या दाराशी खुर्चीत बसवा. मी नि बाबांनी तिला उचलून नेलं. हातात काही वजन लागलं नाही. मागं दोन उशा लावल्या, अंगावर शाल घातली. बाबा म्हणाले, पहिली अंघोळ तुझी, मी खुर्ची आत घेतो. ती म्हणाली, मला काय करायचंय त्याचं, तुम्ही जा आत.

बाबा पंचा घेऊन आत गेले. दार लावलं. नळ सोडल्याचा आवाज आला आणि दाराच्या फटीतून वाफ यायला लागली. आई कान देऊन बसली होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. बराच वेळ गेला. बाबांची अंघोळ म्हणजे दोन तांबे इकडं, दोन तिकडं, की संपली. आज नळ बंदच होईना. पाणी नुसतं वाहत होतं, बादलीत पडल्याचा आवाज नव्हता, तांब्याचा नव्हता. मी उठले. म्हटलं, बरं वाटत नसेल त्यांना, दार वाजवते.

"बस," आई म्हणाली.

"टाकी रिकामी होईल, आई."

"होऊ दे." तिनं डोळे मिटले होते. "त्यांना कुणापुढं रडता येत नाही. त्यांची आई गेली तेव्हाही इथंच आत रडले. मी बाहेर बंबाशी बसले होते, मला ऐकू आलं. बंबाचं पाणी म्हणजे दोन बादल्या. ते संपलं आणि हे डोळे पुसून बाहेर आले. दोन बादल्यांत माणूस किती रडणार?"

मी खाली बसले. आतून पाण्याचाच आवाज येत होता, दुसरा कुठलाही नाही. आईनं शालीतून हात बाहेर काढला. मी तो धरला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, पाणी थांबेपर्यंत.

बाबा बाहेर आले. डोक्यावर पंचा घेतला होता, चेहरा लालबुंद. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"पुरलं का पाणी?" आईनं विचारलं.

"पुरलं," बाबा म्हणाले.

"मग झालं," ती म्हणाली, आणि मला आत न्या म्हणाली, तिला बसवत नव्हतं.